होळकरांचं कर्ज आणि शास्त्री ब्रिज

भारतानं क्रिकेटचा सामना जिंकला की इंदूरकर घरात बसून टाळ्या वाजवत नाही. तो राजवाड्यावर जातो. पलासिया-तुकोगंजकडची मंडळी मग रीगलवरून शास्त्री ब्रिजवर चढतात आणि गांधी हॉलच्या अंगाला उतरतात. मध्येच आपण रेल्वे ओलांडली, हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. स्कूटरवर पुढं उभं असलेलं पोर तेवढं "गाडी! गाडी!" म्हणून ओरडतं, आणि बाप म्हणतो, "हँडल सोड."

या रुळांची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला चक्क एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. शंभरावरचा तो एक मला फार आवडतो. साम्राज्याशी सावकारी करतानाही आहेराच्या पाकिटाची रीत सोडायची नाही! हिशेबानं मुदत १९७१ला भरायची. पण १९४७ला कर्जदार बोटीत बसला, आणि पुढच्याच वर्षी सावकाराचं संस्थान मध्य भारतात विलीन झालं. रूळ तेवढे जागेवर राहिले.

आणि या रुळांनी काय केलं, तर पैसे देणाऱ्याच्याच राजधानीची वाटणी केली. पश्चिमेला राजवाडा, सराफा, कृष्णपुरा. पूर्वेला तुकोगंज, पलासिया, रेसिडेन्सी. अजूनही पलीकडची सून अलीकडच्या घरात आली की सासूबाई तिला रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला नेतात, आणि मुलगी परदेशातून आल्यासारखं प्रत्येक दुकान समजावून सांगतात.

ही वाटणी सांधायला स्वातंत्र्यानंतर पूल आला, आणि नाव मिळालं लालबहादूर शास्त्रींचं. १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर ज्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडलं, त्यांचंच नाव रेल्वेवरच्या पुलाला! हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

कौतुक मात्र सगळं राजवाड्याच्या वाट्याला. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १९८४ला जळाला, पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याच्यासमोर फोटो. पुलावर फोटोसाठी थांबून बघा, मागून लगेच आवाज येतो, "भिया, आगे बढ़ो!"

माझी तक्रार पुलाबद्दल नाही, तुकोजीरावांबद्दल आहे. एक कोटी मोजताना याही पुलाचा खर्च त्यांनी कर्जात धरायला हवा होता. साडेचार टक्क्यांत सहज बसला असता, आणि दोन पदरी रुंदही करून घेता आला असता.