कोपऱ्यातल्या टेबलाचा धनी

या माणसाला मेनू लागत नाही. नवख्या वेटरने चुकून पुढे केलाच, तर सासुरवाडीच्या दारात जावयाला ओळखपत्र मागावं तसा त्याचा चेहरा होतो. ब्रुकलिन, दक्षिण फिलाडेल्फिया, न्यू जर्सीतली जुनी गावं, जिथे एकाच इटालियन घराण्याच्या तीन-चार पिढ्या एकच रेस्टॉरंट चालवत आल्या आहेत, तिथे हा हमखास भेटतो. वय सत्तरीच्या आगेमागे, आवाज भटारखान्यापर्यंत पोचणारा. आल्या आल्या तो बसत नाही. आधी गल्ल्यावरच्या नातीची विचारपूस, मग बारमागच्या काकाशी बेसबॉलवरून भांडण, मग भटारखान्यात डोकावून, "आज सॉस कसा झालाय?" सॉस काल झाला होता तसाच झालेला असतो. म्हणून तर हे घराणं अजून धंद्यात आहे.

भिंतीवर फ्रँक सिनात्राचा फोटो असतोच. मॅनहॅटनमध्ये १९४४ साली निघालेलं 'पॅट्सीज' हे सिनात्राचं आवडतं ठिकाण, ही गोष्ट जगजाहीर आहे. पण आमच्या गृहस्थाच्या मते तो इथेही यायचा आणि नेमका तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसायचा. पुढच्या खेपेला खुर्ची बदलते.

याच्याबरोबर जेवायला जाण्यात अडचण एवढीच, की तुमची ऑर्डरही तोच देतो. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळींपैकी कोणी शाकाहारी निघालं तर क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर सुतकी कळा येते. मग तो वेटरला खूण करतो आणि एगप्लांट पार्मेजान येतं. वांग्याचे तळलेले काप, वर टोमॅटोचा सॉस, त्यावर वितळलेलं चीज. दोघांना पुरेल एवढी प्लेट. आपण त्यावर चिली फ्लेक्सची बरणी उपडी करतो, तेव्हा तो सभ्यपणे खिडकीबाहेर बघतो.

त्याचा स्वतःचा प्राण मात्र मीटबॉलमध्ये. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांच्या घरात इटालियन माणसं अमेरिकेत उतरली, बहुतेक दक्षिणेतल्या गरिबीतून. तिकडे मांस सणासुदीला मिळायचं, इकडे रोज परवडायला लागलं. मग मीटबॉल फुगले आणि थेट स्पॅगेटीच्या डोक्यावर जाऊन बसले. इटलीत ते वेगळे वाढतात. हा एकदा आजोबांचं नेपल्स बघायला गेला आणि खिन्न होऊन परतला. म्हणाला, "त्या लोकांना इटालियन स्वयंपाक येत नाही."

त्याची पंढरी म्हणजे ईस्ट हार्लेममधलं, १८९६ सालचं 'राओज'. टेबलं जेमतेम दहा. १९७७ साली खाद्यसमीक्षक मिमी शेराटनबाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याला तीन तारे दिले आणि अशी झुंबड उडाली, की मालकांनी टेबलं नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच वाटून टाकली. ज्याचा सोमवार त्याचा सोमवार. बाकीच्यांना नकार देऊन देऊन मालकांपैकी फ्रँक पेलेग्रिनो यांचं नाव 'फ्रँकी नो' पडलं. आमच्या गृहस्थाला तिथे पाय ठेवायला मिळालेला नाही. पण तत्त्व त्याने उचललं आणि इथे, कोणालाही न विचारता, लागू केलं. गुरुवार, सात वाजता, कोपऱ्यातलं टेबल.

जेवताना तो तक्रारीच करतो. पाव लहान झाला. वाइन महागली. म्हातारा मालक असता तर हे चाललं नसतं. (म्हातारा असताना तो म्हाताऱ्याच्या बापाचं नाव घ्यायचा.) यापुढे आपण येणार नाही असं बजावून तो उठतो आणि गुरुवारी सातला हजर होतो. मालकीणबाईंना त्याचा जाच होतो यात शंका नाही. पण मार्च २०२०मध्ये रेस्टॉरंटं बंद झाली तेव्हा याच जातीच्या गिऱ्हाइकांनी पार्सलं नेऊन गल्ला हलता ठेवला. आमचा तर डबा घेऊन दारासमोर गाडी लावायचा, गाडीतच जेवायचा आणि काच खाली करून सॉसची चौकशी करायचा.

मालकांची मुलं आता वकील, डेंटिस्ट होतात, भटारखान्यात उभं राहायला कोणी तयार नसतं आणि एक एक जुनी पाटी उतरते. त्याच्या घरीही हाच प्रकार आहे. त्याची मुलगी ग्लूटेन खात नाही.

तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर मीटबॉल मागवा, नाही तर वांगं मागवा, सिनात्राच्या खुर्चीतही खुशाल बसा. पण गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यातलं टेबल मोकळं दिसलं तरी तिकडे वळू नका. ते मोकळं नाही, तो गाडी लावतोय.