चाकं माझी, वॉरंटी आत्तेभावाची

कार्बनची चाकं घ्यायच्या विचारात असलेल्या माणसाचं डोकं आधी ग्रॅमवरून फिरतं. ॲल्युमिनियमची जोडी साधारण अठराशे ग्रॅमची, कार्बनची चौदाशे-पंधराशेची. वाचले तीन-चारशे ग्रॅम, आणि त्यासाठी मोजायचे लाख-दीड लाख रुपये. रविवारच्या राइडनंतर मिसळीबरोबरचे जादा पाव सोडले तर एवढे ग्रॅम फुकटात वाचतात, हे आमच्या ग्रुपात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो विषय कुणी काढत नाही. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतीची सायकल 6.8 किलोच्या खाली नको, असा नियम 2000 सालापासून लावला आहे. स्वाराच्या वजनाला मात्र तिने हात लावला नाही. ते काम चाकांच्या कंपन्यांनी केलं आणि आकडा वॉरंटीच्या कागदात बारीक टायपात टाकला.

मी हा कागद वाचतो. हा रक्ताचा दोष आहे. आमच्या बाबांकडे प्लास्टिकच्या पिशवीत घरातल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड आहे, दुकानदाराचा शिक्का आणि तारखेसकट. त्यातल्या निम्म्या वस्तू आता घरात नाहीत. कार्डं आहेत. त्यामुळे दुकानातल्या मुलाने चाक हातात देऊन फिरवून दाखवलं, फ्रीहबने तो सुप्रसिद्ध टर्रर्र आवाज केला, आजूबाजूची चार डोकी वळली, तरी मी विचारलं, “वॉरंटी काय आहे?”

“लाइफटाइम आहे, काका.”

काका म्हटल्यावर निदान पाच टक्के सूट मिळायला हवी होती. असो.

“कशाकशाला?”

“मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला.”

“आणि खड्ड्यात आपटून फुटलं तर?”

“पण काका, तुम्ही खड्ड्यात घालताच कशाला?”

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. खड्डा चुकवायला आधी रस्ता लागतो. सिंहगड रस्ता, कात्रज, नवले पूल, कुठेही पहाटे निघा. जुलैत पाणी भरलं की खड्डा आणि डबकं यांतला फरक चाक आत गेल्यावरच कळतो. आणि माझ्या मते चाकाच्या वॉरंटीचा सगळा जीव इथेच आहे. कारखान्यातला दोष असेल तर तो बहुधा लवकर उघडा पडतो. नीट बनलेलं चाक मरतं ते आपटून. म्हणजे कंपनी ज्या मरणाची जन्मभर हमी देते ते क्वचित येतं, आणि रोज दारात उभं असतं त्याचं नाव वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतं.

यादी वाचण्यासारखी असते. नेहमीची झीज, अपघात, चुकीची जोडणी, मर्यादेबाहेरची हवा, मर्यादेबाहेरचा स्वार, भलत्या ब्रेक पॅडमुळे झालेलं नुकसान. पहिल्या मालकाशिवाय दुसऱ्या कुणालाही लागू नाही. बेअरिंग वेगळी. चाक पाठवण्याचा खर्च पुष्कळदा आपला. ब्रेक रिमवर दाबणाऱ्या जुन्या चाकांत उष्णतेचं कलमही असे, आणि त्यात कंपन्यांची बाजू खरी होती. कार्बन उष्णता पटकन पसरू देत नाही. खंबाटकीच्या उतारावर कुणी ब्रेक दाबून धरले तर एकाच जागी ताप साठतो, राळ मऊ पडते आणि आतली हवा रिमच्या भिंती बाहेर ढकलते. डिस्क ब्रेक आले आणि ते कलम निवांत झालं.

ॲल्युमिनियमची गोष्ट साधी. आपटलं की वाकतं. कोपऱ्यावरचा सायकलवाला चाक उलटं टांगतो, एका डोळ्याने बघतो, तारा आवळतो, सैल करतो आणि आउट काढून देतो. कार्बन वाकत नाही. राळेत घट्ट बसवलेले धागे ताण भरपूर सोसतात, पण कडेवर बसलेला घाव आतले थर एकमेकांपासून सोडवू शकतो आणि वरून सगळं चकचकीतच दिसतं. म्हणून जाणकार नाणं घेऊन रिमभर टकटक करत जातात. आवाज एके जागी बद्द आला की संशय घ्यायचा. आमची आई माठ घेताना हेच करते. फरक इतकाच की माठ फुटला तर ती पाणी पुसते, आणि ताशी पन्नासच्या उतारावर रिम फुटली तर पुसायला दुसरं काही असतं.

हवेचं कलम मला सगळ्यात आवडलं. नव्या चाकांत हुकलेस नावाचा प्रकार आहे. टायर धरून ठेवणारी आकडी रिमच्या कडेला नसते. या चाकांना हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे साधारण साडेबहात्तर पीएसआय. आता आपण लहानपणापासून हवा भरतो ती अंगठ्याने. अंगठा आत गेला नाही की झाली. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला “पासष्टच भर हं,” असं सांगा, तो आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या पोटाकडे बघतो. त्याचं म्हणणंही चुकीचं नाही, कारण स्वार जड तसा दाब जास्त लागतो. म्हणजे जड माणसाने हवा कमी ठेवली तर रिम आपटणार, जास्त भरली तर वॉरंटी जाणार. मधली वाट रुंद टायरची, आणि रुंद टायर वजनाने जास्त. वाचवलेल्या ग्रॅममधले काही इथेच परत गेले.

सगळेच हात झटकतात असं मात्र नाही. बॉन्ट्रेगरच्या कार्बन केअर योजनेत पहिल्या मालकाला पहिली दोन वर्षं, चालवताना चाक फुटलं तर दुरुस्ती नाहीतर नवं चाक फुकट मिळतं. रोव्हलचंही दोन वर्षांचं असंच संरक्षण आहे. सांताक्रूझची रिझर्व्ह चाकं 2017 साली आली ती आजन्म वॉरंटी घेऊनच. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच बोटं मोजली. “दोन वर्षं ना? मग पावसाळ्याच्या तोंडावर घे, जास्त वसूल होतील.” मी कॅलेंडर घेऊन बसलो. जूनमध्ये घ्या, ऑक्टोबरमध्ये घ्या, ऐन ऑगस्टात घ्या, दोन वर्षांत पावसाळे दोनच बसतात. कंपनीत कुणीतरी पुणेकर असणार.

मग आत्तेभावाचा विषय निघाला. प्रत्येक मराठी घराला अमेरिकेत एक नातेवाईक असतो आणि दर डिसेंबरला त्याच्या बॅगेत थोडी जागा असते. आमचा न्यू जर्सीत आहे. तिकडे सेलमध्ये चाकं बरीच स्वस्त पडत होती. चाकांच्या जोडीचा खोका विमानाच्या 158 सेंटीमीटरच्या हिशेबात जेमतेम बसतो, कारण टायर न चढवताही रिम बाहेरून त्रेसष्ट सेंटीमीटरच्या आसपास भरते. तेही जमलं असतं. अडलं ते बिलापाशी. बिल त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, नोंदणी त्याची. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी पहिला मालक तो. आजन्म संरक्षण लाभणार एका अशा माणसाला, जो बारावीनंतर सायकलवर बसलेला नाही.

“अरे, तू फोटो पाठव, मी क्लेम टाकतो,” तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, “पण कसं फुटलं ते लिहावं लागतं. चालवताना मी पडलो असं मी लिहिणार नाही हं. माझी ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे.”

त्याने लिहिलं असतं तरी फुटलेलं चाक पुण्याहून न्यू जर्सीला जाणार, नवं तिथून येणार, आणि येताना कस्टम्स त्याच्याकडे नवी वस्तू म्हणूनच बघण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंचं कुरिअर धरलं की सेलमध्ये वाचलेले पैसे विमानातच संपतात. थेट चिनी कारखान्याकडून मागवणाऱ्यांचाही हिशेब फार वेगळा नाही. चाकं पुष्कळदा चांगली निघतात, पण भांडायचं कुणाशी, हा प्रश्न उरतो.

भांडणावरून आमच्या ग्रुपातला वकील खुलला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवरही सांगता येतं. मी म्हटलं, मग अडचण कसली? तो म्हणाला, “नोटीस बजावायला समोर पत्ता लागतो. शेन्झेनच्या खोक्यावर पत्ता असतो, पण तिथे नोटीस घेऊन तू जाणार का?” एवढं बोलून त्याने माझ्या मिसळीतली शेव उचलली. ही त्याची फी.

तेव्हा दुकानात गेलात तर ग्रॅम शेवटी विचारा. आधी विचारा, खड्ड्यात फुटलं तर नवं चाक कोण देणार, ते किती दिवसांत येणार आणि कुरिअर कुणाच्या खिशातून जाणार. उत्तर तोंडी असेल तर ते दुकानाच्या शिक्क्यासह बिलावर लिहून मागा, आणि बिल स्वतःच्याच नावावर करा. दुकानदाराने लिहून दिलं तर खुशाल घ्या, कार्बन खरंच सुंदर पळतं. तो “काका, एवढं काही होत नाही,” म्हणाला तर ॲल्युमिनियम घ्या. त्याचा आउट काढून देणारा तुमच्या गल्लीतच बसतो.