स्वस्त घटिका आणि मराठी कुटुंबव्यवस्था

विजेचा दर घड्याळ पाहून ठरावा या व्यवस्थेला कालाधारित दर किंवा टीओडी म्हणतात, आणि तिच्या मुळाशी विजेचा एक हट्टी स्वभाव आहे: धान्य कोठारात आणि लोणचे बरणीत ठेवता येते, वीज मात्र बहुतांशी ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी खपावी लागते, एरवी देशाच्या वीजजाळ्यात अखंड चालणारी 50 हर्ट्‌झची लय बिघडते. संध्याकाळ झाली की राज्यातले यच्चयावत दिवे, टीव्ही, मिक्सर आणि एसी जणू संगनमताने जागे होतात. या कमाल मागणीच्या, म्हणजे पीक अवर्सच्या, काही तासांसाठी उभारलेली केंद्रे आणि ओढलेल्या तारा एरवी अर्धपोटी असतात, पण त्यांचा खर्च उपास करीत नाही. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने 1892 मध्येच हे दाखवून दिले होते की वीज पुरवण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो, एक प्रत्यक्ष वीज देण्याचा आणि दुसरा ती केव्हाही देता यावी म्हणून सज्ज राहण्याचा. सारे कुटुंब महिनाभर घराला कुलूप लावून यात्रेला गेले तरी बिलात ‘स्थिर आकार’ का येतो, या सनातन प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या प्रकारात आहे. ते समजल्याने आकार कमी होत नाही, हा भाग वेगळा.

मागणीचा हा उंचवटा सपाट करण्यासाठी ग्राहकाला वेळेचे आमिष दाखवण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांत जुना आहे. ब्रिटनमध्ये 1978 पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना चालत आली, जिच्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. त्या सात तासांत विटांनी भरलेली विजेची शेगडी तापवून ठेवायची आणि दिवसभर तिच्या उबेवर राहायचे, अशी ही रचना आहे. त्याच देशातील इंग्लंडच्या संघाने 4 जुलै 1990 रोजी विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना पश्चिम जर्मनीविरुद्ध गमावला, तेव्हा सामना संपताच घरोघर चहाच्या किटल्या लागल्या आणि मागणी एका झटक्यात सुमारे 2,800 मेगावॉटने उसळली. दुःखाला मेगावॉटमध्ये मोजण्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. भारतीयांनी या प्रयोगाची उलट बाजू 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवून सिद्ध केली; त्या वेळी देशाची मागणी 31,000 मेगावॉटहून अधिक खाली गेली आणि जलविद्युत केंद्रांच्या मदतीने तोल सांभाळताना अभियंत्यांच्या तोंडचे पाणी पळाले असेल. व्यक्तिशः क्षुल्लक वाटणारे बटण समूहाने दाबले की ते क्षुल्लक राहत नाही, हे या शास्त्राचे सारे भांडवल.

महाराष्ट्रात कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सवलत देण्याची पद्धत अनेक वर्षे होती, कारण औष्णिक केंद्राची भट्टी रात्रीपुरती विझवता येत नाही आणि तिची वीज कोणीतरी घ्यावी लागते. मात्र सौर ऊर्जेने हे गणित उलटे केले: आता सौर वीज भरदुपारी सर्वाधिक तयार होते आणि नेमक्या त्याच वेळी तिला गिऱ्हाईक कमी पडते, म्हणून केंद्र सरकारने 2023 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त करून ‘सौर तास’, म्हणजे दिवसाचे स्वस्त विजेचे तास, ही संकल्पना आणली आणि जुलै 2025 पासून महावितरणने स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून पुढे 1 रुपयापर्यंत चढत जाणारी सवलत जाहीर केली. येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. स्वस्त वेळेचे नियोजन शहरांना नवे असले तरी राज्यातील शेतकऱ्याने ते सक्तीने आणि वेळेच्या सवलतीविना दशकानुदशके पाळले आहे. आठवडा पालटला की कृषिपंपाची वीज रात्री येई आणि शेतकरी बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या साक्षीने, बारे द्यायला जाई. त्याला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आणावी लागली. ज्याने रात्री वीज वापरली त्याला कोणी ‘जागरूक ग्राहक’ म्हटले नाही.

आता घरगुती सवलतीचा खरा पेच असा की सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत मध्यमवर्गीय घरात कोणी नसते. वीज वापरणारी माणसे कार्यालयात, महाविद्यालयात किंवा लोकलच्या दारात असतात आणि घरात असतात ते निवृत्त आजोबा, ज्यांनी आयुष्यभर दिवे मालवण्यातच काटकसर मानली आहे. जे काम राज्यासाठी ऐरोलीचे राज्य भारप्रेषण केंद्र करते, म्हणजे कोणत्या क्षणी कोणी किती वीज घ्यावी यावर लक्ष ठेवणे, तेच घरापुरते त्यांच्याकडे अनायासे चालून येते. सूनबाईंनी सकाळी साडेसातला यंत्रात कपडे टाकले असता ‘दीड तास थांबलीस तर काय बिघडेल’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. तो आता थेट दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाकडून प्राप्त होतो. आयोगाला अज्ञात अशी आणखी एक संस्था या व्यवहारात निर्णायक ठरते, ती म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी: कपडे वाळत घालणे त्यांच्याकडे असेल आणि त्या साडेआठला निघत असतील, तर नऊची सवलत कागदावरच राहते.

या साऱ्या खटाटोपाचे फळ सुरुवातीच्या 80 पैशांच्या हिशेबाने मोजून पाहण्यासारखे आहे. पंधरा लिटर पाणी 25 अंशांनी तापवण्यास सुमारे 0.44 युनिट वीज लागते, म्हणजे अंघोळ नऊनंतर ढकलल्यास 35 पैसे वाचतात, आणि कार्यालयात उशिरा पोहोचल्याचा लेट मार्क त्यात धरलेला नाही. साडेसातशे वॉटच्या मिक्सरवर आठ मिनिटे इडलीचे पीठ वाटले तर 0.1 युनिट, बचत आठ पैसे. घरघंटी, इस्त्री आणि धुलाई यंत्र सारे दिवसा हलवून रोज दोन युनिटे वळवता आली, तरी महिन्याला मिळतात अठ्ठेचाळीस रुपये. या शर्यतीत सर्वांत शिस्तबद्ध ग्राहक ठरतो तो फ्रिज. तो बिचारा दिवसाचा एक तृतीयांश वापर सौर तासांत करतो, कोणाशी वाद घालीत नाही आणि आपल्या वाट्याची सवलत मुकाट्याने मिळवतो.

याउलट बिलाचा मोठा हिस्सा वेळेवर ठरत नाही, टप्प्यावर ठरतो. महावितरणच्या दररचनेत पहिली शंभर युनिटे एका दराने आणि पुढची तीनशेपर्यंतची जवळजवळ दुप्पट दराने आकारली जातात. शंभराचा उंबरठा ओलांडला की सगळेच बिल महाग होते, ही चाळीपासून टॉवरपर्यंत पसरलेली समजूत मात्र चुकीची आहे, कारण वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. जुना 75 वॉटचा पंखा काढून तीसेक वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा बसवला, तर पंधरा तासांच्या वापरात रोज सुमारे 0.7 युनिट वाचते आणि ती बचत महागड्या टप्प्यातून होत असल्याने महिन्याला दोनशेच्या घरात जाते. अर्थात पंखा एकदाच बसतो आणि विसरला जातो. त्यावरून रोज कोणाला उपदेश करता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच कुटुंबप्रमुखांत तो उपाय फारसा लोकप्रिय नाही.

योजना आणि कुटुंब यांची खरी गाठ रविवारी पडते. त्या दिवशी सर्व मंडळी घरी असतात, सकाळी नऊ वाजतात आणि आठवडाभर साचलेले कपडे, दळण, इस्त्री व उशिराच्या अंघोळी एकाच मुहूर्तावर सुरू होतात. प्रत्येक घराला वीज कंपनीने एक ‘मंजूर भार’ दिलेला असतो, म्हणजे एका वेळी किती वीज खेचावी याची मर्यादा, आणि घरातली जुनी वायरिंगही आपल्या परीने तशीच एक मर्यादा पाळून असते. दोन किलोवॉटचा गीझर, एक किलोवॉटची इस्त्री आणि एक अश्वशक्तीची घरघंटी एकत्र आली की, जी गर्दी टाळण्यासाठी हा सारा घाट घातला तीच दोन खोल्यांत अवतरते व एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारे बटण, टक्कन खाली पडते. मग अंगाला साबण लावलेला एक जण आतून आणि आजोबा बाहेरून एकाच वेळी बोलू लागतात, आणि बटण वर करण्यासाठी जे स्टूल लागते ते नेमके घरघंटीखाली असते.