मुक्काम पोस्ट ठराव

अलास्काच्या तत्कालीन गव्हर्नर सारा पेलिन यांनी पहिल्या 19 महिन्यांत 312 रात्री स्वतःच्या घरी झोपून त्या रात्रींचा दैनिक भत्ता, जवळपास 17 हजार डॉलर, उचलल्याची बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2008 साली छापली. कामाचं ठिकाण कागदोपत्री जुनो, म्हणून वसिलातलं राहतं घर ठरलं बाहेरगाव! आपल्याकडे उलटं आहे. इथे सरकारी कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावात राहण्याची अट पाळल्याचं दाखवून घरभाडे भत्ता घ्यायचा आणि बिऱ्हाड शहरात ठेवायचं. बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी घ्या, निव्वळ उदाहरणादाखल, तिथल्या कुणावर रोख नाही. केदारेश्वराच्या देवळावरच्या सुरसुंदरी चालुक्यांच्या काळापासून मुख्यालयी आहेत. त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला कुणी मागितलेला नाही. माणसांसाठी मात्र ग्रामविकास विभागाने 2019 साली ग्रामसभेच्या ठरावाची अट घातली. आता ग्रामसभेचं इतिवृत्त लिहितो कोण? ग्रामसेवक. म्हणजे ग्रामसेवक गावात राहतो, हे ग्रामसेवकाच्याच हस्ताक्षरात सिद्ध होतं, आणि शिक्का मारून झाला की शेवटची एसटी गाठता येते.

गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी 2022 मध्ये शिक्षकांबाबत हाच विषय काढला, तेव्हा शिक्षक संघटना खवळल्या. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गावात भाड्याने धड खोली मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाचं काय, आणि भत्ता तरी केवढा? सातव्या वेतन आयोगात खेड्याचा दर मूळ वेतनाच्या 8 टक्क्यांपासून सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरला त्याच्या दुप्पट. शहरात राहून खेड्याचा दर घेणारा तोट्यातच असतो. हिशेब बरोबर आहे. पण मग खोटा दाखला कशाला? शाळा सायंकाळी बंद होते. शिक्षक रात्री कुठे झोपतो याने पाढे बिघडत नाहीत. त्याची अट काढून टाका, अप-डाऊन उघड मान्य करा. आरोग्य केंद्राचं तसं नाही. साप चावलेल्या माणसाला रात्री दोन वाजता डॉक्टर हवा असतो, त्याच्या रहिवासाचा ठराव नव्हे. तिथे अट हवीच, आणि अटीबरोबर पाणी-वीज असलेलं, न गळणारं क्वार्टरही हवं. पण क्वार्टरला निधी लागतो, टेंडर लागतं, मग टेंडरची फेरनिविदा. ठराव पुढच्याच ग्रामसभेत होतो, सूचक-अनुमोदकांसह, सर्वानुमते.