धर्माची गाय, अ‍ॅम्बॅसेडर जात

न्यू जर्सीच्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, इथे जुनी गाडी संस्थेला देऊन टाकतात. फोन केला की टोइंगवाला दारातून उचलून नेतो, वर टॅक्समध्ये सूट." तेव्हापासून ही दारातल्या अ‍ॅम्बॅसेडरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागली. आधी कोणाला उचलायचं, एवढंच ठरायचं होतं.

गाडी 1994 ची, वडिलांनी घेतलेली. इसुझूचं 1800 सीसी इंजिन, पांढरा रंग, आणि डिकी अशी की तिच्यात एका लग्नाची भांडी आली होती. उत्तरपाड्याचा कारखाना 2014 साली बंद पडला, पण ही बातमी आमच्या गाडीला कोणी सांगितली नव्हती. 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करायला 600 चे 5,000 रुपये झाले, तेही मी मुकाट्याने भरले. भंगारवाल्याने मात्र दर किलोवर सांगितला, आणि वडिलांच्या फोटोसमोर ते ऐकवेना.

मग दान. नचिकेताचा बाप आटलेल्या म्हाताऱ्या गाई दान देतो, ती गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा मला तो माणूस फार कोता वाटला होता. आता त्याची अडचण कळते. त्यालाही पार्किंगचा प्रश्न असेल. शेजारच्या सीएने तेवढ्यात पुण्याची किंमत काढून दिली: 80-जी ची सूट पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नाही. म्हणजे निव्वळ पुण्य, रोकड शून्य.

आलापल्लीच्या पुढे जंगलात एक छोटी शाळा चालवणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या तर खरं. मग बघू." मी त्यातलं 'या' तेवढं ऐकलं.

मे महिन्यातल्या पहाटे नागपूर सोडलं. सोबत मिस्त्री. या गाडीच्या जिवावर त्याने दोन पोरींची लग्नं केली होती, त्यामुळे निरोपाला येणं त्याचं कर्तव्यच होतं. पहिला मुक्काम बुटीबोरीला, न ठरवता. बोनेट उघडून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडीले काई नाई झालं. फक्त गरम होऊन राहिली."

वरोऱ्याला आनंदवनाच्या फाट्याशी दुसऱ्यांदा थांबलो. 1951 साली बाबा आमट्यांनी इथे काम मांडलं ते सहा कुष्ठरुग्ण, 14 रुपये आणि एक लंगडी गाय घेऊन, असं सांगतात. मला एकदम धीर आला. लंगड्या गाईपासून एवढं उभं राहतं, तर आपली गाय नुसती धापच टाकते आहे. हा विचार मिस्त्रीला सांगितला. तो म्हणाला, "ते गाय दूध देत असन, भाऊ. हे पेट्रोल पेते."

चंद्रपूरला दहा वाजताच ऊन डोक्यात शिरलं. जटपुरा गेटच्या कमानीत गोंड राजांच्या काळी हत्ती कसा आत जात असेल, याचा प्रत्यय आम्ही मागच्या सगळ्या रिक्षावाल्यांना दिला. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी; आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. समोरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेने येत होते. अर्ध्या तासात आमची पांढरी गाडी गेरूने सारवल्यासारखी झाली.

चपराळ्याच्या जंगलात रेडिएटरने शिट्टी दिली. रस्त्याच्या कडेला तेंदूची फळी लागली होती. उघड्या मैदानावर पुड्यांच्या ओळी वाळत घातलेल्या. सावलीत एक म्हातारी बसली होती. ओठ न हलवता 70 पानं मोजायची, सालीच्या दोरीने पुडा आवळायची आणि मागे न बघता बरोबर ढिगावर टाकायची. तिने स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं. रेडिएटर ते गटागटा प्यायला लागल्यावर तिने विचारलं, "इकाले नेऊन राहिले का?"

"नाही बाई, दान द्यायला."

"दान?" तिने पहिल्यांदाच पानांवरून नजर काढली. "मंग एवढ्या दूर काऊन आनली? तिकडं कोनी घेतली नाई का?"

मिस्त्री बोनेटमध्ये इतका खोल वाकला की त्याचं हसू मला फक्त पाठीवरून दिसलं.

पुढे नाक्यावरच्या शिपायाने पांढरी अ‍ॅम्बॅसेडर बघून सलाम ठोकला. 2017 मध्ये लाल दिवे गेले, पण या गाडीचा रुबाब गेला नाही. मी नुसती मान हलवली. वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मग शिपायाने जवळून माझी बनियन बघितली आणि डिकी उघडायला लावली. इथल्या जंगलांतलं सागवान अयोध्येच्या मंदिराला गेलेलं. एवढ्या मोठ्या डिकीवर संशय येणारच. डिकीत हिने बांधून दिलेली दोन खोकी होती. "जुने कपडे असतील," मी म्हणालो. असतील, कारण मी बघितले नव्हते.

शाळेत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ताईंनी पाणी दिलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि तीन प्रश्न विचारले. पेट्रोल कुठून आणायचं? चालवणार कोण? आणि पावसाळ्यात तो समोरचा नाला येतो तेव्हा आमचा ट्रॅक्टरही अलीकडेच थांबतो, ही उडणार आहे का? मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही घेतली तर हिला सांभाळायला आम्हाला वेगळी देणगी मागावी लागेल."

तोवर पोरांनी गाडीचा ताबा घेतला होता. आत सतरा मोजली, टपावरची सोडून. स्टिअरिंगवरचा एकजण "भामरागड, भामरागड, भामरागड" ओरडत सीटं भरत होता. एका चिमुरडीने काच खाली करायला हँडल फिरवलं, ते हातात आलं. तिने ते दोन्ही तळव्यांवर ठेवून, देवळातल्या प्रसादासारखं, मला आणून दिलं.

"डिकीत काय आहे?" ताईंनी विचारलं. खोकी उघडली. कोरी स्टीलची 60 ताटं. ही मला काही बोलली नव्हती. ताईंचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. ताटांची पावती फाडली, नावासमोर हिचं नाव. गाडीचा उल्लेख कुठेच नाही.

परत निघायला किल्ली फिरवली. मिस्त्रीने प्लग काढले, पुसले, लावले, पुन्हा काढले. "भाऊ, गाडीले काई नाई झालं," तो म्हणाला. "फक्त चालू होऊन नाई राहिली."

आलापल्लीपर्यंत ताईंच्या ट्रॅक्टरवर आणि पुढे लालपरीने रात्रभर. एसटीत मी बऱ्याच वर्षांनी शांत झोपलो.

नवव्या दिवशी ताईंचा फोन आला. "भाऊ, पोरांनी उतारावर धक्का मारला, तुमची गाडी सुरू झाली. आता बंद कशी करायची, तेवढं मिस्त्रींना विचारता का?"

मागे हॉर्न वाजत होता, आणि कोणीतरी भामरागडची सीटं भरत होतं.