जुन्या गिटारला नवा पिकअप : यथासांग विधी

ज्याच्या घरी १९६० च्या आसपासची इलेक्ट्रिक गिटार आहे, त्याला स्वस्थता लाभत नाही. गिटार अस्सल की बनावट, या शंकेत काही वर्षे जातात. ती अस्सल निघाली की पिकअप मुका होतो. आतली बारीक तांब्याची तार गंजून कुठेतरी तुटलेली असते, आणि तिचे वेढे हजारोंनी असल्यामुळे कुठे तुटली ते दिसत नाही. मग दुसरा पिकअप निवडणे आले. हे काम एका दुपारीही होऊ शकते. ते वर्षभर कसे पुरवावे, याची रीत पुढे दिली आहे.

१. प्रथम शास्त्र समजून घ्यावे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते. वस्तू इतकी साधी आहे हे कळल्यावर ते ताबडतोब विसरावे. लक्षात राहिले तर पैसे खर्च करवत नाहीत.

२. मग घराणे पाहावे. सर्वांत खानदानी पिकअप गिब्सन कंपनीचा. एका वेटोळ्याचा पिकअप विजेच्या मेन लाइनची घरघरही पकडतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडली. घरघरीने घरघर कापली गेली आणि सूर तेवढा उरला. त्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिकटपट्टी असे. पेटंट १९५९ मध्ये मिळाले, तरी पुढे काही वर्षे अर्जच चिकटवला जात होता. अखेर क्रमांक छापला, तोही गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवण्याच्या भागाच्या, पेटंटचा! आज संग्राहक या अर्जाच्या चिकटपट्टीसाठी जीव टाकतात.

त्या काळी कारखान्यात वेढ्यांचा हिशेब काटेकोर नव्हता आणि ॲल्निको चुंबक हाती येईल त्या प्रतीचा बसे. त्यामुळे कुणाचा रोध ७ किलोओम, तर कुणाचा ९. दोन पिकअप एकसारखे निघणे कठीणच. हल्लीचे कारागीर मात्र ही बेफिकिरी अतिशय काळजीपूर्वक उतरवतात. जुन्या धर्तीची तार, तसलेच इनॅमल, तितकेच कमीजास्त वेढे, असा सगळा थाट असतो. जो पिकअप अधिक नेमकेपणाने चुकवलेला असेल, तो अधिक महाग समजावा.

३. रंगाकडे दुर्लक्ष करू नये. १९५९ च्या सुमारास काळ्या प्लॅस्टिकचा तुटवडा पडला, म्हणून गिब्सनच्या काही पिकअपमध्ये तार गुंडाळायच्या रिळी दुधी रंगाच्या आल्या. त्या बहुधा धातूच्या झाकणाखाली असल्याने कुणाला दिसतही नव्हत्या. पुढे वादकांनी झाकणे काढली आणि तुटवड्याला सौंदर्य प्राप्त झाले. अमेरिकेत दोन्ही रिळी दुधी ठेवण्याचा ट्रेडमार्क आता डिमार्झिओ कंपनीकडे आहे. रंगाचा सुराशी संबंध नाही, हे जाणकारांच्या बैठकीत बोलू नये.

४. मल्टिमीटर विकत घ्यावा आणि रोध हाच सूर मानावा. वास्तविक रोधावरून तारेची लांबी-जाडी तेवढी कळते. चुंबक कोणता आणि वेटोळे कसे, याचा पत्ता लागत नाही. पण आकडा सांगता येतो, सूर सांगता येत नाही. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' हा जादा ताकदीचा पिकअप काढला आणि बदली पिकअपचा धंदा उभा राहिला. तेव्हापासून मोठा आकडा ही पराक्रमाची खूण ठरली. जुन्या गिटारचा नाजूक सूर हवा असणाऱ्यानेही १३ किलोओमचा पिकअप एकदा मागवून पाहावा. परत पाठवण्यात आणखी एक महिना जातो.

५. मापे शेवटी घ्यावीत. गिब्सन आणि फेंडर यांच्या ब्रिजवर तारांमधले अंतर सारखे नसते. चुकीचा पिकअप आणला तर कडेच्या तारा चुंबकाच्या बाहेर पडतात. फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असे. तिच्यासाठी त्या तारेखालचा चुंबक उंच ठेवला होता. आता तिसरी तार साधी असते, पण हुबेहूब जुन्या पिकअपमध्ये चुंबक उंचच असतो. परिणामी तीच एक तार बाकीच्यांवर ओरडते. या ओरडण्याला अस्सलपणा म्हणावे.

६. थोर गिटारवादकांचे अनुकरण करावे, पण जपून. पीटर ग्रीनच्या लेस पॉल गिटारमध्ये एका पिकअपचा चुंबक उलटा होता. दोन्ही पिकअप एकत्र लावले की सूर पोकळ, नाकातला येई. त्याच दोषावर लोक लुब्ध झाले. आता मुद्दाम उलट्या चुंबकाचे जोड विकत मिळतात. एडी व्हॅन हेलनने गिब्सनच्या गिटारमधला पिकअप काढला, शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिनच्या मेणात बुडवला आणि स्वस्त सुट्या भागांच्या गिटारमध्ये बसवला. ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या लाकडातून गिटार घडवली आणि बाजारातले बर्न्स पिकअप अराल्डाइटने भरून टाकले. तिघांपैकी एकानेही वरची पाच कलमे पाळलेली नाहीत.

७. हे कलम घाईत असणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी वाचू नये. चालू पिकअपचा सूर आवडत नसेल, तर आधी त्याच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून उंची बदलावी. तारेपासून एखादा मिलिमीटर खाली नेला तरी फरक ऐकू येतो. मग व्हॉल्यूमच्या खुंटीखालचा बदलता रोध, म्हणजे पॉट, तपासावा : एका वेटोळ्याला सहसा २५० किलोओमचा, दोन वेटोळ्यांना ५०० चा लागतो. पिकअप खरोखरच मेला असेल, तर जाणत्या कारागिराकडून मूळ पिकअपच पुन्हा गुंडाळून घेता येतो. नवा बसवलाच, तर जुना फेकू नये. झाकण, स्क्रू आणि चिकटपट्टीसह तो डबीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवावा. मूळ भाग हरवलेल्या जुन्या गिटारला बाजारात कमी किंमत येते.