विडीची छाट होते, तोंडाची कधी?

विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या बाईचं प्रत्येक बंडल चेकरच्या हाताखालून जातं. एखादी विडी सैल वळली, टोक नीट मुडपलं नाही, की ती छाटीत निघते आणि तिचे पैसे बुडतात. इतकी बारीक नजर विडीवर! ती वळणाऱ्या बाईच्या तोंडात मात्र वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही. सोलापुरात अशा हजारो बाया आहेत. सूप मांडीवर, तंबाखू हाताशी, आणि सकाळी उठल्यावर पहिलं बोट मिसरीच्या डबीत.

माझी मावशी चाळीस वर्षं मिसरी लावते. तिच्या घरी मिसरीचा तवा वेगळा. तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, ठसक्याने गल्ली खोकायला लागली की समजायचं, मावशीची मिसरी चालू आहे. मग चुरून, फडक्यातून चाळून डबीत. "दात घासते" असंच ती म्हणते. आणि "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई." तिचं खोटं नाही. निकोटिनची सवय लागलेल्या शरीराला ते मिळेपर्यंत चैन पडत नाही. पण ही दातांची सफाई नव्हे. हिरडी रोज थोडी मागे सरकते, दाताची मुळं उघडी पडतात आणि खालच्या ओठाच्या आत, जिथे चिमूट दाबून ठेवायची, तिथली कातडी पांढरट, जाड होते. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशाच पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यातून होते, आणि तो चट्टा दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाही. सगळा घात इथेच होतो.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. कारखान्याच्या डब्यातून जी गेली, ती आमच्या तव्यावर अजून भाजली जाते. तव्यावर कुठला इन्स्पेक्टर येणार? पुरुषांचं काय सांगावं! गुटखाबंदी राज्यात 2012 पासून आहे आणि पुडी मिळतेच. कॉलेजातली पोरं पाणीपुरी तोंडात घालताना अडखळतात, कारण सुपारीने गालाची आतली कातडी आखडून जबडा उघडत नाही. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर आजच डॉक्टर गाठा.

आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरपासून 70 किलोमीटरवर, बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रोगी आपणहून मोठ्या दवाखान्यात येत नाही, म्हणून कर्मचारीच गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशय वाटला त्याला तपासणीला आणलं. बार्शीला जे उमगलं ते सोलापूर शहराला उमगू नये? तोंड हा असा अवयव आहे, की त्यात बघायला ना सोनोग्राफी लागते, ना सुई. एक बॅटरी पुरते. माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी बाया विड्या द्यायला येतात, त्या दिवशी तिथेच खुर्ची टाकून दाताचा डॉक्टर बसवा. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलांमध्ये महिन्यातून एकदा बसवा. बाईने मजुरी बुडवून दवाखान्यात यावं, ही अपेक्षाच सोडा.

आणि घरोघरीच्या त्या दोन समजुती! दाढ काढली की नजर जाते म्हणे. दाढेचा आणि डोळ्याचा असा काही संबंध नाही. दुसरी, दात साफ करून घेतले की हलायला लागतात. अहो, हिरडीखाली दगडासारखं साठलेलं किटण हाड पोखरतं, दात आधीच खिळखिळा झालेला असतो. किटण निघालं की ते कळतं, एवढंच. ब्रशने ते निघत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी डॉक्टरकडे जायचं. एरवी फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं तर आपल्याकडे पाहुण्यासारखं, कधीतरीच. हिरडीतून रक्त येतं म्हणून लोक ब्रश बंद करतात, तेव्हाच तर नीट घासायचं असतं. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष, कारण सुजलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही.

मावशीचे आता खाली चार दात उरलेत. जिने जन्मभर कडक भाकरी शेंगाचटणीसोबत कडाकडा मोडून खाल्ली, ती आता भाकरी आमटीत भिजायची वाट बघत बसते. गेल्या महिन्यात नातीने मिसरीचा तवा भंगारवाल्याला देऊन टाकला. मावशी चार दिवस तिच्याशी बोलली नाही, चिमूट शेजारणीकडून मागून आणत राहिली. परवा मी गेलो तेव्हा ती दारात विड्या वळत बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने सूप बाजूला सारलं, उजेडाकडे तोंड केलं आणि खालचा ओठ बोटाने उलटा करून म्हणाली, "बघ रं, हितं काय हाय ते."